पाठकोरा कागद

माझं अक्षर चांगलं आहे. हे आता फुशारकीने सांगत नाही, पण पुढचं कळायला ते सांगावं लागतं. वडिलांनी लहानपणी कित्ता गिरवून घेत घेत ते माझ्या हातात बसवलं आणि पुढे एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं मी त्याच्यावरच पोट भरलं. टेबलावर संगणक आले तरी साहेब महत्त्वाची टिपणी माझ्याकडून लिहून घ्यायचे. वरून कुणी तरी विचारायचं, "अक्षर कुणाचं हो हे?" मी मान खाली घालून कामात असल्याचं दाखवायचो, पण आतून गुदगुल्या व्हायच्या.

निवृत्त झालो आणि भांडुपच्या आमच्या सोसायटीचा बिनपगारी अर्जनवीस झालो. पाणी कमी येतंय, गटार तुंबलंय, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचंय, की लोक म्हणायचे, "काकांकडे जा." बायको टोमणा मारायची, "पेन्शन सुरू झाली तरी तुमची कचेरी काही सुटत नाही." मला ते टोमणे आवडायचे. ज्यांना कुणी काही विचारत नाही अशा म्हाताऱ्यांची मला भीती वाटायची, आणि मी त्यांच्यातला नव्हतो.

माझी दुसरी सवय पाठकोऱ्या कागदांची. एका बाजूने कोरा असलेला कागद माझ्याने टाकवत नाही. लग्नाच्या पत्रिका, जुनी लाइटबिलं, सोसायटीची परिपत्रकं, लोकांनी आणलेले कच्चे मसुदे, सगळं चिमट्यात अडकवून टेबलाच्या खणात ठेवतो. किराण्याची यादी त्याच्यावर, शब्दकोडं सोडवतानाची खाडाखोड त्याच्यावर. कचेरीत यावरून माझी चेष्टा व्हायची. घरीही होते.

आमच्या बरोबर डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, एक जोडपं राहायचं. तो एका कंपनीत मशिनं दुरुस्त करायचा, ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. एक मुलगी. तो फार गोड माणूस. आमचा नळ गळायला लागला की पाना घेऊन हजर. सिलिंडर कधी मला उचलू दिला नाही. सोसायटीच्या गणपतीत त्याचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. भेटला की पहिला प्रश्न, "काका, गुडघे काय म्हणतायत?"

आणि वरून आवाज यायचे. खुर्ची सरकल्याचा, काही तरी आपटल्याचा, मग एकदम शांतता. पहिल्यांदा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. नंतर नंतर मी म्हणायला लागलो, "भांड्याला भांडं लागणारच." आणि रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवायचो. आमच्या जिन्यात चार बिऱ्हाडं होती, चारही टीव्ही त्या वेळी मोठे व्हायचे. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणीही कुणाशी कधी बोललं नाही.

एक दिवस तीच कोर्टात गेली. पुढची चार-पाच वर्षं त्यांनी एकमेकांना सळो की पळो करून सोडलं. घर कुणाचं, मुलगी कुणाची, कोण वेडं, कोण चारित्र्याचं कसं, वकिलांनी काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. मी तिला जिन्यात अडवून ऐकवलंही होतं, "अगं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." ती म्हणाली, "मग शहाण्याने काय करायचं, काका?" मी हसलो. उत्तर नसलं की मी हसतो.

शेवटी घटस्फोट झाला. मुलगी आणि घर तिच्याकडे आलं, तो मुलुंडला आईवडिलांकडे गेला. तिची आई मालवणकडची, ती गाव सोडून लेकीकडे राहायला आली. आता मिटलं, असं आम्ही सगळे म्हणालो. तो गेटपाशी उभा दिसायचा, कधी मुलीच्या शाळेच्या बसपाशी. आम्हाला वाटायचं, बापच तो, मुलीला बघावंसं वाटणारच.

जानेवारीच्या सुरुवातीला एका रविवारी सकाळी ती माझ्याकडे आली. हातात वहीतून फाडलेला कागद. म्हणाली, "काका, पोलिसांत द्यायचाय. मी लिहिलाय, पण माझं मराठी म्हणजे वाट लागलीय. जरा नीट करून द्या ना."

मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि कागद तपासायला घेतला. तपासायला म्हणतो, वाचायला नाही. त्यातला फरक मला तेव्हा कळत नव्हता. पहिल्या ओळीत तिने लिहिलं होतं, 'माझे मिस्टर'. मी ते खोडून वर लिहिलं, 'पूर्वाश्रमीचे पती'. तिचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. मग मधल्या ओळी आल्या. त्या मला आता पाठ आहेत:

'ते मला म्हणाले तुला मारिन आणि मि पण मरिन. असे तिन वेळा म्हणाले आहेत. ते रागात नाही शांतपणे म्हणाले. मला खरच वाटते ते करतिल.'

मी 'मारिन'ची वेलांटी दीर्घ केली. 'मरिन'ची केली. 'करतिल'ची केली. जो माणूस तिला मारीन म्हणतो त्याला ती लिहिताना 'ते' म्हणतेय, हे माझ्या डोळ्यांना दिसलं नाही, वेलांट्या दिसल्या. मग त्या चार ओळींभोवती पेन्सिलीने चौकट काढून मी समासात बारीक लिहिलं: 'नको. अर्जात असे लिहीत नाहीत.'

मग कोरा फुलस्केप घेतला आणि माझ्या अक्षरात पक्का अर्ज लिहिला. 'माझे पूर्वाश्रमीचे पती हे गैरसमजातून व शाब्दिक वादातून मला मानसिक त्रास देत असल्याने त्यांना योग्य ती समज देण्यात यावी, ही नम्र विनंती.' झकास वाक्य. कुठे अडखळत नाही.

तिने ते दोनदा वाचलं. म्हणाली, "काका, ते मरीनचं राहिलं."

मी म्हणालो, "'मानसिक त्रास' लिहिलंय ना? त्यात सगळं आलं."

"पण तो शांतपणे बोलला, ते?"

"अगं, पोलिसांना रोज शंभर अर्ज येतात. असं भडक लिहिलं की त्यांना वाटतं बाई वाढवून सांगतेय. शिवाय उद्या मुलीचा बाप म्हणून तोच राहणार आहे. शब्द असे वापरावेत की परत फिरता येईल."

तिने अर्ज टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "तुम्हाला जास्त कळतं." आणि सही केली.

मी तसं का केलं, याचं मी स्वतःला बरेच दिवस एकच उत्तर दिलं: सवय. कचेरीत माणसाने पैसे खाल्ले तर आम्ही लिहायचो 'अनियमितता आढळून येते'. गच्ची कोसळून माणूस मेला तर 'दुर्दैवी बाब'. एकतीस वर्षं मी शब्दांची धार घालवण्याचंच काम केलं. पण सवय हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं असं की माझा तिच्यावर विश्वास बसला नव्हता. माझा नळ नीट करणारा माणूस असं करेल, हे मला खरं वाटत नव्हतं. आणि खरं असलंच, तर माझ्या अक्षरातला तो कागद उद्या कोर्टात जाईल, मला साक्षीला उभं करतील, ही भीती होती. मी तिला सांगितलं की पोलीस विश्वास ठेवणार नाहीत. ठेवत नव्हतो तो मी.

दोन दिवसांनी ती पोच घेऊन आली. नकलेवर पोलीस स्टेशनचा शिक्का. म्हणाली, "साहेब बोलले, शाब्दिक वाद आहे ना, मग बोलावून समज देतो. आणि काका, त्यांनी विचारलं, अक्षर कुणाचं?" ती हसून सांगत होती, मला बरं वाटावं म्हणून. आणि मला बरं वाटलं. ही शरमेची गोष्ट आहे, म्हणून सांगतोय. मला दिवसभर बरं वाटत होतं.

संक्रांतीला ती मुलीला घेऊन तिळगूळ द्यायला आली. वाटी बायकोच्या हातात देऊन हळूच मला म्हणाली, "काका, समज दिली त्यांनी. त्याच्यानंतर तो परत आला होता. अजून एक अर्ज देऊ या का?" मी तोंडात तिळाचा लाडू असताना म्हणालो, "पोच मिळालीय ना? थोडं थांब. लगेच दुसरा दिला तर पहिल्याची किंमत जाते." ती म्हणाली, "बरं." जाताना तिने मला वाकून नमस्कार केला.

तो जानेवारी संपायच्या आत आला. आठवड्याच्या मधल्या एका वारी, सकाळी दहाच्या सुमाराला. मुलगी शाळेत गेली होती, आजी बाजारात, आणि माझ्या बायकोला मी नुकतंच बँकेत पाठवलं होतं. वॉचमनने त्याला सोडलं, कारण कित्येक वर्षांचा ओळखीचा माणूस. मी दूध घेऊन येत होतो, लिफ्टमध्ये आम्ही बरोबरच शिरलो. त्याने माझ्यासाठी दार धरून ठेवलं. म्हणाला, "काका, गुडघे काय म्हणतायत?" मी म्हणालो, "चाललंय." तिसऱ्या मजल्यावर उतरताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "शांतपणे बोलून घ्या हो दोघं." तो म्हणाला, "हो काका. शांतपणेच."

मी दूध गॅसवर ठेवलं. वर बेल वाजली. आई बाजारातून आली असं वाटून तिने दार उघडलं असणार, असं नंतर पोलीस म्हणाले. थोड्या वेळाने वर काही तरी जोरात पडलं, मग खुर्ची सरकली. माझ्या हाताने रिमोट उचलला. मी म्हणत नाही की विचार करून उचलला. पण हात माझाच होता.

त्याने तिला मारलं आणि मग स्वतःला. यापलीकडे ते कसं झालं हे मी लिहिणार नाही. तिची आई भाजीची पिशवी घेऊन वर गेली, आणि तिच्या ओरडण्यानंतर आमच्या जिन्यातले सगळे टीव्ही बंद झाले.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी माझ्याकडे आले. म्हणाले, खाली फळ्यावर लिहायला हवं, तुमचंच अक्षर शोभेल. आणि मी गेलो. खडू घेतला आणि लिहिलं, 'आपल्या सोसायटीतील रहिवासी भगिनीचे आकस्मिक निधन झाले आहे.' ओळ सरळ आली.

दोन दिवसांनी मुलगी आजीचा हात धरून शाळेत निघाली होती, ती फळ्यापाशी थांबली. नऊ वर्षांची. मी तिथेच बाकावर बसलो होतो. तिने अक्षरं लावून वाचलं आणि मला विचारलं, "आजोबा, आकस्मिक म्हणजे काय?"

"अचानक, बाळा. कुणाला माहीत नसताना."

ती म्हणाली, "पण मम्मीला माहीत होतं ना. मम्मी मला बोलली होती, पप्पा आले तर दार नको उघडू."

आजीने तिला ओढत नेलं. त्या संध्याकाळी मी ओल्या फडक्याने फळा पुसला. सेक्रेटरींनी विचारलं तर म्हणालो, पाच दिवस झाले, पुरे आता.

मार्चमध्ये मुलुंडहून त्याच्या आईवडिलांनी नातीच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज केला. त्यांच्या वकिलाचं म्हणणं असं, की मुलगा मुळात सज्जन, कोर्टबाजीने त्याचं डोकं फिरलं. बाईंनी स्वतः दिलेल्या तक्रारीतसुद्धा धमकीचा शब्द नाही, 'गैरसमज' आणि 'शाब्दिक वाद' एवढंच आहे. माझ्या वाक्याची एवढी बारकाईने तारीफ आजवर कुणी केली नव्हती.

तिची आई माझ्या दारात आली. ती आत येत नसे, उंबऱ्यावर उभी राहूनच बोलायची. म्हणाली, "भाऊ, माझ्या चेडवान तुमका आणखी काय लिवन दिल्ल्यान काय? वकील सांगता, अर्जात धमकीचा कायच नाय. तिच्या हातचा काय असला तर नात माझ्याकडे ऱ्हवात, सांगता."

मी म्हणालो, "नाही हो ताई. ती तोंडीच सांगायची. मी लिहून घेतलं."

इतकं सहज म्हणालो. तिने मान हलवली आणि ती एकेक पायरी धरून वर गेली. मी दार लावून घेतलं. पासष्ट वर्षांत मी खोटं बोललो नाही असं नाही, पण पोरीच्या जिवाची राख झाल्यावर तिच्या आईशी बोललो, हे पहिल्यांदा. कागद कुठे आहे ते मला नक्की माहीत नव्हतं, एवढीच पळवाट होती. आणि मी तो शोधला नाही.

तो सापडला माझ्याच सवयीने. पाडव्याच्या आधी पुरणपोळीचं सामान आणायचं होतं. संक्रांतीला गूळ किती आणला होता ते बघायला बायकोने खणातली जुनी यादी काढली. ती माझ्याच हातची. गूळ एक किलो, पांढरे तीळ अर्धा किलो, शेंगदाणे, वेलची. पाठकोरा कागद समोर आला म्हणून मी त्याच्यावर लिहिली होती. तिने सहज तो उलटला आणि उभ्या उभ्या वाचला. मग माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि काही न बोलता आत गेली. पस्तीस वर्षांत ती मला काही न बोलता आत गेल्याचं मला आठवत नाही.

मी तासभर त्या कागदासमोर बसलो. देणार होतो, हे खरं. पण द्यायच्या आधी मी खणातून खोडरबर काढला. तिच्या शब्दांना हात लावायचा नव्हता, फक्त माझी पेन्सिल पुसायची. चौकट, आणि समासातलं ते वाक्य. 'नको' पुसलं. पुढचा शब्द पुसायला लागलो तर दारात ही उभी.

"रबर कशाला घेतलात?"

मी रबर मुठीत झाकला.

"तिनं लिहिलं ते तेव्हा पुसलंत. आता तुमचं पुसताय. तुमच्या हाताला दुसरं काही येतं का हो?"

रबर खाली ठेवला. लाज वाटणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, असं तोवर वाटत होतं. चारचौघांत फजिती झाली की कान गरम होतात ते. हे तसं नव्हतं. बघायला फक्त बायको होती आणि मला माझे हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

मी वर गेलो. मुलगी शाळेत होती. आजी जमिनीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी कागद पुढे केला आणि म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी खोटं बोललो. हा तिनं मला दिला होता."

तिने कागद घेतला नाही. हात पदराला पुसले आणि म्हणाली, "माका वाचूक येणा नाय. तुम्हीच वाचा. पण तिना जसा लिवल्यान तसाच वाचा. सुधारू नका."

मी वाचलं. माझी जीभ 'माझे मिस्टर'पाशी अडखळली, पण तसंच वाचलं. 'तुला मारिन आणि मि पण मरिन' वाचलं. 'ते रागात नाही शांतपणे म्हणाले' वाचताना मला लिफ्ट आठवली आणि थांबावं लागलं. ती वाट बघत राहिली. मग मी 'मला खरच वाटते ते करतिल' वाचलं. तिने परत वाचायला सांगितलं. परत वाचलं.

तिने समासावर बोट ठेवलं. "ह्या बारीक काय लिवलला आसा?"

"ते माझं आहे."

"ता पण वाचा."

'नको' पुसलेलं होतं, पण पेन्सिल मी दाबून चालवतो, खाच कागदात राहते. मी वाचलं, "नको. अर्जात असे लिहीत नाहीत."

तिने कागद माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि परत माझ्यापुढे धरला. "आणि ह्या पाठीर?"

मी तिच्याकडे बघितलं. ती बघतच होती. म्हणून मी वाचलं. गूळ एक किलो. पांढरे तीळ अर्धा किलो. शेंगदाणे. वेलची.

तिने कागद खाली घेतला. मग म्हणाली, "तिना माका सांगलेल्यान. काका म्हणतत, त्यात सगळा इला." तिच्या आवाजात राग नव्हता, निदान मला ऐकू आला नाही. तिने कागदाची घडी घालून ती कमरेच्या पिशवीत ठेवली आणि सूप परत पुढे ओढलं. "वकिलाकडे येशात माझ्यावांगडा? पेन्सिलीचा कोणाचा, ता सांगूक होया."

मी बरोबर येतो म्हणालो.

सोमवारी आम्ही दोघं गेलो. वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात तिरपा धरला, पुसलेल्या जागेवरून बोट फिरवलं, मग माझ्या पक्क्या अर्जाची नक्कल त्याच्या शेजारी ठेवली. आळीपाळीने दोन्हीकडे बघितलं. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

मी सांगितलं, "माझं."